वादळ निघून गेल्यावर निघणारी माणसे

३१ मार्च २०२४, रविवार. उत्तर बंगालमधील जलपायगुडी जिल्ह्यात मयनागुडीच्या आसपासच्या गावांवर दुपारी वादळ आले आणि काही मिनिटांत निघूनही गेले. पत्र्याची छपरे उडाली, विजेचे खांब वाकले, जुने वृक्ष मुळासकट उपटले गेले. चार-पाच माणसे दगावली, कित्येक जखमी झाली. त्यानंतर वृत्तपत्रांतून आणि शास्त्रज्ञांच्या वर्तुळात एक प्रश्न चर्चिला जाऊ लागला : ही नेहमीची कालबैशाखी होती की टॉर्नेडो?

ज्याचे घर गेले त्याला या नामकरणाशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. परंतु सरळ रेषेत सुटलेला झंझावात आणि स्वतःभोवती गरगरणारा हवेचा स्तंभ या दोहोंची जन्मकथा निराळी आहे आणि म्हणूनच त्यांची पूर्वसूचना देण्याची रीतही निराळी आहे. गंमत अशी की, या प्रश्नाचे उत्तर आकाशात उरलेले नसते. ते जमिनीवर असते. पडलेल्या झाडांचे शेंडे कोणत्या दिशेला आहेत, हे ज्याला वाचता येते त्यालाच ते सापडते.

वादळाचा पाठलाग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे अमेरिका उभी राहते. एप्रिल ते जून या काळात ओक्लाहोमा, कॅन्सस, टेक्सास या प्रांतांतील सपाट माळावर शेकडो हौशी व व्यावसायिक माणसे मोटारी घेऊन उतरतात. सकाळी नकाशे आणि अंदाज पाहायचे, दुपारपर्यंत चारपाचशे किलोमीटर कापायचे, पेट्रोलपंपावर मिळेल ते खायचे, ढग फुटण्याची वाट पाहायची आणि बहुतेक दिवशी काहीही न पाहता रात्री कुठल्या तरी स्वस्त मोटेलात अंग टाकायचे. १९५०च्या दशकात रॉजर जेन्सन, डेव्हिड होडली अशा एकट्यादुकट्या छांदिष्टांनी सुरू केलेला हा उद्योग पुढे विद्यापीठांनी आणि सरकारी प्रयोगशाळांनी हाती घेतला. २४ मे १९७३ रोजी ओक्लाहोमातील युनियन सिटी येथे एका टॉर्नेडोचे जन्मापासून अंतापर्यंत चित्रण झाले आणि त्याच वेळी डॉप्लर रडारनेही तो टिपला. या दोन नोंदी ताडून पाहिल्यावर ढगाच्या पोटातले फिरणे रडारवर आधी दिसते, हे कळले. रस्त्यावरच्या त्या धावपळीचे हे खरे फलित. तिची किंमतही मोजावी लागली. ३१ मे २०१३ रोजी एल रेनो येथे सुमारे चार किलोमीटर रुंदीच्या टॉर्नेडोने टिम समारास, त्यांचा पुत्र पॉल आणि सहकारी कार्ल यंग यांना मोटारीसह गाठले. समारास हे या क्षेत्रातील अत्यंत सावध संशोधकांपैकी एक मानले जात.

आपल्याकडे हे का नाही, असा प्रश्न तरुण वाचक नेहमी विचारतात. उत्तर भूगोलात आहे. बंगाल-ओडिशा-आसामच्या पट्ट्यात आंबा, नारळ आणि बांबूच्या राया क्षितिज झाकतात. टॉर्नेडो झाला तरी तो बहुधा पावसाच्या पडद्याआड लपलेला असतो. अरुंद रस्त्याच्या दोन्ही कडांना झाडे आणि मध्ये सायकली, गुरे, बाजार. वादळ ज्या वेगाने सरकते त्या वेगाने त्याच्या मागे जाणे येथे शक्यच नाही. म्हणून भारतात वादळाचा माग काढणारा माणूस वादळाच्या पुढेही नव्हता आणि सोबतही नव्हता. तो मागाहून निघाला आणि एका अर्थाने वादळांचे शास्त्रच अशा मागाहून निघालेल्या माणसांनी उभारले.

त्यांतील आद्य पुरुष मात्र भारतातला नव्हे. विल्यम रेडफिल्ड हा अमेरिकेच्या कनेक्टिकट प्रांतातील मनुष्य, मूळचा खोगीर आणि घोड्यांचे साज बनवणारा कारागीर. सप्टेंबर १८२१ मध्ये एक मोठे वादळ त्या प्रदेशावरून गेले. त्यानंतर पायी प्रवास करताना त्याच्या लक्षात आले की, आपल्या गावाजवळची झाडे वायव्येकडे शेंडे करून पडली आहेत आणि काही मैल पश्चिमेला गेल्यावर तीच झाडे नेमक्या उलट दिशेला, आग्नेयेकडे, पडलेली आहेत. एकाच वादळाने दोन ठिकाणी परस्परविरुद्ध दिशांनी झाडे पाडली, तर ते वादळ सरळ वाहत नसून फिरत असले पाहिजे. हा विचार त्याने दहा वर्षे मनात घोळवला आणि १८३१ मध्ये प्रसिद्ध केला. ब्रिटिश सैन्यातील अभियंता विल्यम रीड याने तो उचलून १८३८ मध्ये वादळांच्या नियमांवर ग्रंथ लिहिला. आणि तो ग्रंथ कलकत्त्यात एका निवृत्त दर्यावर्दीच्या हाती पडला.

हेन्री पिडिंग्टन याचा जन्म १७९७ चा. व्यापारी जहाजांवर उमेदीची वर्षे घालवून तो कलकत्त्यात स्थायिक झाला. भूगर्भीय संग्रहालयाचा तो अभिरक्षक होता आणि जहाजांच्या अपघातांची चौकशी करणाऱ्या न्यायासनाचा अध्यक्षही. या दुसऱ्या कामाने त्याच्या अभ्यासाला खाद्य पुरवले. हुगळीच्या मुखातून मोडक्या डोलकाठ्यांनिशी आत येणारे प्रत्येक जहाज त्याच्या लेखी एक साक्षीदार होते. कप्तानाची रोजनिशी तो मागून घेई : कोणत्या प्रहरी वारा कोणत्या दिशेचा, वायुभारमापकाचा पारा किती उतरला, जहाज त्या वेळी कोठे होते. एका जहाजाच्या नोंदीवरून काहीच सिद्ध होत नसे. पण एकाच दिवशी बंगालच्या उपसागरात वेगवेगळ्या ठिकाणी असलेल्या सातआठ जहाजांच्या नोंदी एका नकाशावर मांडल्या की वाऱ्याचे बाण आपोआप वर्तुळ धरू लागत. १८३९ पासून पुढे जवळजवळ दोन दशके बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याचे असे निबंध एकामागून एक प्रसिद्ध होत राहिले. रस्त्यावर न उतरता, कलकत्त्याच्या दमट हवेत एका मेजाशी बसून केलेला हा पाठलाग होता. त्याची वाहने दुसऱ्यांची होती आणि त्यांतली काही बुडालेलीही होती.

या रोजनिश्यांपैकी एक विलक्षण आहे. फेब्रुवारी १८४५ मध्ये मॉरिशसजवळ ‘चार्ल्स हेडल’ नावाची छोटी नौका चक्रीवादळात सापडली. कप्तानाने त्या काळच्या रिवाजाप्रमाणे वाऱ्याला पाठ देऊन जहाज पळवले. वारा फिरत होता, म्हणून जहाजही फिरत राहिले. सुमारे पाच दिवसांत त्या नौकेने वादळाच्या केंद्राभोवती पाचेक पूर्ण प्रदक्षिणा घातल्या. कागदावर शेकडो मैलांची मजल, प्रत्यक्षात निघाल्या जागेपासून फारशी दूर नाही! पिडिंग्टनला ही नोंद मिळाली तेव्हा त्याला केवढा आनंद झाला असेल, याची कल्पना करता येते. वादळ फिरते हे तो अनेक जहाजांच्या साक्षी जुळवून सांगत होता. येथे एकाच जहाजाने ते स्वतःच्या मार्गाने रेखून दाखवले होते. वादळाचा पाठलाग करणारी जगातील पहिली नौका म्हणून तिचा मान करायला हरकत नाही. अर्थात तिला तसे करण्याची मुळीच इच्छा नव्हती.

१८४८ मध्ये पिडिंग्टनने खलाशांसाठी एक पुस्तक काढले. त्यासोबत शिंगाच्या पातळ, पारदर्शक पत्र्यावर वाऱ्याची वर्तुळे कोरलेली होती : एक पत्रा उत्तर गोलार्धासाठी, एक दक्षिणेसाठी. कप्तानाने तो नकाशावर ठेवायचा, आपल्याला लागणारा वारा वर्तुळावर कोठे येतो ते पाहायचे आणि वादळाचे केंद्र कोणत्या बाजूला आहे ते ओळखून जहाज तेथून दूर वळवायचे. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले तर केंद्र साधारणपणे उजव्या हाताला असते, एवढे साधे तत्त्व. पण ते माहीत नसल्याने शेकडो जहाजे वादळापासून पळण्याच्या नादात नेमकी त्याच्या पोटात शिरली होती. याच पुस्तकात त्याने ‘सायक्लोन’ हा शब्द घडवला. सापाच्या वेटोळ्याच्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतलेले ते नाव कलकत्त्यात जन्मले आणि जगभर गेले. आपला ‘चक्रीवादळ’ हा शब्दही त्याच कल्पनेचा आविष्कार आहे.

मात्र पिडिंग्टनचे मोठेपण मला या शब्दापेक्षा त्याच्या एका पत्रात अधिक दिसते. कलकत्त्याचे बंदर हुगळीच्या गाळाने भरून निकामी होईल या भीतीने सरकारने आग्नेयेस, सुंदरबनच्या तोंडाशी, मातला नदीवर नवे बंदर वसवण्याचा विचार चालवला होता. १८५३ मध्ये पिडिंग्टनने गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांना उद्देशून एक पत्र छापून प्रसिद्ध केले. विषय होता चक्रीवादळाबरोबर येणारी समुद्राची लाट. त्याने जुन्या नोंदी काढून दाखवल्या. आंध्र किनाऱ्यावरील कोरिंगा हे बंदर अशा लाटांनी १७८९ मध्ये आणि पुन्हा १८३९ मध्ये धुऊन निघाले होते. मातलावर वस्ती केलीत तर एखाद्या रात्री वादळाच्या ऐन भरात खारे पाणी पाच ते पंधरा फूट उंचीने चढून येईल, तेव्हा नगर तेथे वसवू नका, असा त्याचा इशारा होता. वारा माणसे मारतो त्यापेक्षा पाणी अधिक मारते, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारा हा बहुधा हिंदुस्थानातील पहिला लेख.

सरकारने ऐकले नाही. तसे पाहिले तर न ऐकण्याला कारणे होती. पिडिंग्टन हा अभियंता नव्हता, बंदराची गरज खरी होती आणि लाट कोणी रोज पाहत नसतो. मातलाकाठी बंदर उभे राहिले, त्याला कॅनिंगचे नाव मिळाले, कलकत्त्याहून तेथवर लोहमार्ग गेला, धक्के आणि गोदामे झाली, समभागांचा सट्टाही रंगला. पिडिंग्टन १८५८ मध्ये वारला. १ नोव्हेंबर १८६७ रोजी चक्रीवादळ आले. ते फार मोठे नव्हते आणि त्याबरोबर आलेली लाट सहा फुटांच्या आसपासची होती, म्हणजे पिडिंग्टनने सांगितलेल्या मर्यादेच्या खालच्या टोकाला. तेवढी पुरली. काही वर्षांतच बंदर सोडून देण्यात आले. सुंदरबनला जाणारे प्रवासी आज सियालदहहून लोकलने कॅनिंगला उतरतात, तो लोहमार्ग त्या बंदरासाठी टाकलेला आहे.

त्याच वादळाची आणखी एक आठवण सांगण्याजोगी आहे. कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर यूजीन लाफाँ या बेल्जियन धर्मगुरूने त्याच वर्षी गच्चीवर तात्पुरती वेधशाळा मांडली होती. रोजच्या नोंदींवरून वादळ येत आहे हे त्याने आधी ओळखले आणि अधिकाऱ्यांना कळवले, त्यामुळे शहरातील बरेच लोक वाचले असे सांगतात. एका बाजूला चौदा वर्षे आधी दिलेला आणि दुर्लक्षिलेला इशारा, दुसऱ्या बाजूला थोड्या अवधीचा पण कानी घेतलेला इशारा. हेच लाफाँ पुढे डॉ. महेंद्रलाल सरकार यांच्या विज्ञानसंस्थेचे मोठे आधारस्तंभ झाले.

या दोहोंच्या दरम्यान ५ ऑक्टोबर १८६४ चे कलकत्त्याचे महावादळ येऊन गेले होते. सुमारे ६० हजार माणसे गेली. त्यानंतर जेम्स गॅस्ट्रेल आणि हेन्री ब्लॅनफर्ड यांनी पिडिंग्टनच्याच पद्धतीने जहाजांच्या नोंदी आणि जमिनीवरील साक्षी गोळा करून अहवाल सिद्ध केला. १८६५ मध्ये कलकत्ता बंदरात वादळाची सूचना देण्याची व्यवस्था सुरू झाली. १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले आणि ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. १८८० मध्ये मुंबई, रत्नागिरी, वेंगुर्ले, कारवार अशा पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतही सूचनेची ही पद्धत आली. कोकणातल्या मच्छीमारांच्या तोंडी असलेला ‘तीन नंबरचा बावटा’ हा त्या व्यवस्थेचा वंशज.

पण बावटा दिसतो बंदरातल्या जहाजांना. ३१ ऑक्टोबर १८७६ च्या रात्री मेघनेच्या मुखाशी, आजच्या बांगलादेशातील बाकरगंज भागात, लाट आली तेव्हा बेटांवर झोपलेल्या शेतकऱ्यांना बावटा कोण दाखवणार? लाखभर माणसे बुडून गेली आणि जवळपास तेवढीच नंतरच्या पटकीने व उपासमारीने. जॉन एलियट यांनी त्यावर अहवाल लिहिला, तो शास्त्रीय दृष्ट्या उत्तम आहे. माग काढण्याचे काम येथवर पूर्णत्वाला पोहोचले होते, असे म्हटले तरी चालेल. निरोप पोहोचवण्याचे काम सुरू व्हायला आणखी शंभर वर्षे लागायची होती.

मधल्या काळात पाठलाग खऱ्या अर्थाने वाहनावर बसून करण्याचा एक प्रसंग भारतात घडला आणि तो मुंबईचा आहे, म्हणून थोडे थांबतो. १९६०च्या दशकाच्या आरंभी आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. तिच्या हवामानविभागाचे केंद्र कुलाब्याला होते. अमेरिकी हवामान खात्याची संशोधन विमाने त्यासाठी आली होती. मे १९६३ मध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळ उठले तेव्हा ही विमाने त्यात शिरली, आणि आजवर फक्त जहाजांच्या नोंदींतून अनुमानलेले आपल्या समुद्रातील वादळाचे अंतरंग प्रथमच आतून मोजले गेले. होजे कोलोन यांनी सी. आर. व्ही. रामन आणि श्रीनिवासन या भारतीय सहकाऱ्यांसह १९७० मध्ये त्यावर प्रबंध लिहिला. त्यानंतर विमाने परत गेली. चक्रीवादळात नियमितपणे जाणारे स्वतःचे विमान भारताकडे अजूनही नाही. त्याची उणीव उपग्रहांनी आणि किनाऱ्यावरील रडारांनी बरीचशी भरून काढली. विशाखापट्टणमला १९७० मध्ये चक्रीवादळ हेरणारे पहिले रडार बसले, पुढे त्यांची साखळी झाली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २००९ पासून विमानातून ढगांत मोजमापे घेण्याची मोहीम चालवली, सोलापूरच्या पर्जन्यछायेतही घेतली, पण ती पावसाच्या ढगांच्या अभ्यासासाठी. वादळाशी झुंजण्यासाठी नव्हे.

२९ ऑक्टोबर १९९९ च्या ओडिशातील महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी त्याच किनाऱ्यावर ‘फायलिन’ आले तेव्हा जवळपास दहा लाख लोकांना आधीच हलवले गेले होते आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. अंदाज अचूक झाला, निवारे बांधले गेले आणि गावोगावी माणसे दार ठोठावत फिरली. समुद्रावरून येणाऱ्या मोठ्या वादळापुरते तरी पिडिंग्टनचे पत्र अखेर योग्य पत्त्यावर पोहोचले.

कालबैशाखीचे मात्र तसे नाही.

चक्रीवादळ चार-पाच दिवस समुद्रावर घडत असते. कालबैशाखी दुपारी जन्मते आणि दिवेलागणीपर्यंत संपते. मार्च ते मे या काळात बंगालच्या उपसागरावरून दमट वारा जमिनीलगत आत शिरतो. छोटा नागपूरच्या पठाराकडून येणारी कोरडी, तापलेली हवा त्याच्यावर झाकणासारखी बसते. दुपारच्या उन्हाने खालची हवा रेटू लागते, कोठे तरी झाकण फुटते आणि दोनेक तासांत बारा-पंधरा किलोमीटर उंचीचे ढग उभे राहतात. ते आग्नेयेकडे सरकतात, म्हणून बंगालात ते वायव्येकडून येताना दिसतात. आपल्याकडचा वळीव हा त्यांचा लांबचा आणि सौम्य नातेवाईक. आसामात या वादळाला ‘बोरदोईशिला’ म्हणतात. ती सासुरवाशीण आहे आणि बिहूच्या सुमारास माहेरी धावत येते, घाईत वाटेतले सगळे पाडत येते, अशी लोकसमजूत आहे. ती कधी पोहोचणार, हे कोणालाच ठाऊक नसते.

या ढगांपैकी फार थोडे टॉर्नेडोला जन्म देतात, पण देतात हे निश्चित. ८ एप्रिल १८३८ रोजी कलकत्त्याच्या पूर्वेला असा एक आवर्त गेला. दोनशेहून अधिक माणसे मेली. एक बारीक बांबू जाड भिंतीत आरपार घुसल्याची नोंद तेव्हाच्या वृत्तान्तात आहे. तो वृत्तान्तही एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकातच त्याच वर्षी छापला गेला. ७ एप्रिल १८८८ रोजी ढाक्याच्या नवाबाचा अहसान मंझिल हा प्रासाद टॉर्नेडोने उद्ध्वस्त केला, शंभराहून अधिक बळी गेले. आणि २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातील दौलतपूर-साटुरिया येथे जो टॉर्नेडो झाला त्यात सुमारे १३०० माणसे गेल्याचा अंदाज आहे. ज्ञात इतिहासातील हा सर्वांत प्राणघातक टॉर्नेडो. तो अमेरिकेत झालेला नाही, हे पुन्हा एकदा लक्षात घ्यावे. तेथे टॉर्नेडो संख्येने अधिक, येथे प्रत्येक टॉर्नेडोखालची माणसे अधिक आणि त्यांच्या डोक्यावर तळघराऐवजी पत्रा. उडालेला पत्रा हा वाऱ्याच्या हातातला कोयता असतो.

हा केवळ पूर्व भारताचा विषय नाही. १७ मार्च १९७८ रोजी दिल्लीत, विद्यापीठाच्या परिसरात, काही मिनिटांत २८ माणसे मेली आणि सुमारे ७०० जखमी झाली. राजधानीत, वेधशाळा ज्या शहरात आहे त्याच शहरात, हे घडले. तरीही तो टॉर्नेडो ओळखला गेला तो मागाहून, पडझडीच्या अरुंद पट्ट्यावरून.

यानंतर तीन वर्षांनी, १९८१ मध्ये, टेक्सास टेक विद्यापीठातील रिचर्ड पीटरसन आणि किशोर मेहता यांनी भारत व बांगलादेशातील टॉर्नेडोंची सूची प्रसिद्ध केली. ती तयार करण्यासाठी त्यांना दीडशे वर्षांची जुनी नियतकालिके चाळावी लागली. मेहता हे भारतीय वंशाचे स्थापत्य अभियंते. ११ मे १९७० रोजी त्यांच्या लबक शहरावरच टॉर्नेडो कोसळला होता. त्यानंतर मोडलेल्या इमारती पाहून वाऱ्याचा वेग काढण्याच्या कामाला त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाहून घेतले. ते काम पूर्वी तेत्सुया फुजिता यांनी एका श्रेणीत बसवले होते. (नागासाकीच्या भस्मावशेषांत स्फोटाच्या खुणा वाचलेल्या या जपानी शास्त्रज्ञाला पुढे अमेरिकेतील जंगलात झाडे एका बिंदूपासून ताऱ्यासारखी चहूकडे पडलेली दिसली, तेव्हा त्याला नागासाकी आठवले. त्यातून ढगातून खाली आपटणाऱ्या झोताचा शोध लागला.) फुजितांच्या श्रेणीची सुधारित आवृत्ती २००७ पासून अमेरिकेत वापरात आहे. ती घडवणाऱ्यांचे नेतृत्व मेहता आणि जेम्स मॅकडोनाल्ड यांनी केले. पडझड वाचण्याची जगन्मान्य लिपी घडवण्यात भारतीयाचा हात आहे आणि आपल्याच देशात ती वाचणारे थोडे आहेत.

ते थोडे काय करतात? २००५ च्या सुमारास केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने ‘स्टॉर्म’ नावाचा प्रकल्प हाती घेतला, तो पुढे बांगलादेश, नेपाळ आणि भूतानपर्यंत विस्तारला. त्याची मांडणी पाहिली की भारतीय पाठलागाची तऱ्हा कळते. वादळामागे धावायचे नाही, त्याच्या नेहमीच्या वाटेवर आधीच जाऊन बसायचे : रांची, जेथे ढग उभे राहतात, खरगपूर, जेथून ते पुढे जातात, गुवाहाटी, जेथे दुसरी वाट आहे. हवेची उभी तपासणी करणारे फुगे एरवी पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच अशा दोन ठरलेल्या वेळी सोडले जातात. कालबैशाखी नेमकी त्या दोहोंच्या मध्ये, भर दुपारी तयार होते. म्हणून वादळाची शक्यता असलेल्या दिवशी या केंद्रांवरून जादा फुगे सोडले गेले. एप्रिलच्या उन्हात हायड्रोजनचा फुगा हातात धरून उभे राहणे, बरेचदा ढग न येणे, आणि मग दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अमेरिकेतील मोटेलांची जागा येथे अतिथीगृहांनी घेतली, निराशेचे प्रमाण बहुधा सारखेच. बालासोर परिसरात गडगडाटी वादळांसाठी खास चाचणीक्षेत्र उभारण्याचे हवामान खात्याने जाहीर केले आहे, तेही याच तत्त्वावर.

या कामातून तीन तासांच्या तात्काळ अंदाजाला बळ मिळाले. विजेची सूचना देणारे ‘दामिनी’ हे पुण्यात तयार झालेले अ‍ॅप अनेकांच्या भ्रमणध्वनीत आहे. तरीही वीज पडून देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे दगावतात आणि त्यांतील कित्येक शेतात किंवा झाडाखाली असतात. तीन तासांची सूचना चार दिवसांच्या सूचनेसारखी वापरता येत नाही. बसगाड्या मागवून लोकांना हलवण्याइतका वेळ नसतो. शेतातल्या माणसाला पंधरा मिनिटांत पक्क्या छपराखाली जाता आले पाहिजे, म्हणजे तसे छप्पर पंधरा मिनिटांच्या अंतरावर असले पाहिजे. हा प्रश्न हवामानशास्त्राचा उरत नाही.

टॉर्नेडोपुरते बोलायचे तर अडचण आणखी मागची आहे. तो झाला होता की नाही, हेच ठरलेले नसेल तर कोणत्या ढगाची रडारवरील खूण धोक्याची मानायची, हे कशावरून ठरवणार? मयनागुडीनंतर सुरू झालेली चर्चा म्हणूनच महत्त्वाची. सरळ झोताने पडलेली झाडे एका दिशेने किंवा पंख्यासारखी पसरून पडतात. आवर्ताने पडलेली झाडे अरुंद पट्ट्यात एकमेकांकडे तोंड करून, एकमेकांवर आडवी पडतात. हे पाहायला पायी चालावे लागते आणि लवकर पोहोचावे लागते. कारण रस्ता अडला की गावकरी आणि बचावपथके आधी करवत घेऊन येतात, आणि ते योग्यच आहे. संध्याकाळपर्यंत बुंधे कापून कडेला रचलेले असतात, दोन दिवसांत सरपण होऊन घरी गेलेले असतात.

एक नवी साक्ष मात्र आता मिळू लागली आहे. २४ मार्च २०२३ रोजी पंजाबात फाजिल्का जिल्ह्यातील बकैनवाला गावावर टॉर्नेडो आला, तेव्हा तो फिरत असताना, घरांवरचे सामान वर उचलत असताना, गावकऱ्यांनी भ्रमणध्वनीवर चित्रित केला. तो टॉर्नेडो होता की नाही, यावर वाद राहिला नाही. असे वेगवेगळ्या छतांवरून घेतलेले चित्रीकरण, प्रत्येकाच्या कोपऱ्यात वेळ नोंदलेली, कोणी एकत्र करून नकाशावर मांडले तर पिडिंग्टनने जहाजांच्या रोजनिश्यांतून जे केले तेच पुन्हा करता येईल. आपल्यापैकी कोणाकडे असे चित्रण असेल तर ते कापून, संगीत घालून पुढे पाठवण्यापूर्वी मूळ प्रत जपून ठेवावी, आणि कोठून, कोणत्या दिशेला तोंड करून घेतले ते सोबत लिहून ठेवावे. झाड पडलेले असेल तर करवत लागण्याआधी त्याचेही एक छायाचित्र घ्यावे, शेंडा कोणत्या दिशेला आहे ते दिसेल असे.